डाव्या पायाची उडी

माझ्या मित्राचा गुडघा गेल्या सप्टेंबरात दुखावला तेव्हा मला वाईट वाटलं. पण त्याआधी, एका श्वासाएवढं आधी, दुसरंच काहीतरी वाटून गेलं होतं. मी जळगावला हॉस्टेलच्या जिन्यात फोन कानाला लावून उभा होतो. तो पलीकडून रडवेल्या आवाजात म्हणाला, "भो, तुह्यावानीच झालं. वळलो अन् आतून फट आवाज आला." आणि मला वाटलं, बरं झालं, आता याला कळेल.

त्याला काय कळायला हवं होतं, ते सांगायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल.

आम्ही दोघं फैजपूरजवळच्या एकाच गावचे. दोघांचेही वडील केळीच्या कापणीवर जाणारे, खांद्यावर घड वाहून ट्रकपर्यंत नेणारे. शाळेत एक सर होते, ते दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत फुटबॉल खेळत वाढलेले. गावात क्रिकेट सोडून दुसरा खेळ कुणाला माहीत नव्हता, पण सरांनी आम्हाला चेंडू दिला. मी उजवीकडून खेळायचो, तो डावीकडून. मी त्याच्यापेक्षा वेगवान होतो. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. तोही ते मान्य करतो, निदान तेव्हा करायचा.

बारावीत असताना सरावात माझा उजवा गुडघा मुरगळला. महिन्याभराने धुळ्याला निवड चाचणी होती, बाहेरच्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबाची माणसं मुलं बघायला येणार होती. वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला मोटारसायकलवर मागे बसवून शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, एकदा जोरात ओढला, हळद, चुना आणि अंड्याचा लेप लावला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. एकवीस दिवस. नानांनी त्या दिवसांत माझा पाय जमिनीला लागू दिला नाही. बाहेर न्यायचं तर ते मला पाठुंगळी घेत. एकविसाव्या दिवशी पट्टी सुटली, मी चाललो, मग पळालो. सरळ पळताना काहीच दुखलं नाही.

सरळ पळणं वेगळं आणि वळणं वेगळं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. सांगणारं कुणी नव्हतंच.

धुळ्याच्या मैदानावर मी पहिला चेंडू घेतला, उजव्या पायावर वळलो आणि गुडघा जागेवरून सरकला. दहा मिनिटांत मी बाहेर. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि अहिराणीत म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ? बठ्ठा पोरे खेळी राह्यनात नि तू आठे बशेल शे?" सगळी पोरं खेळत असताना मी इथे का बसलोय, याचं त्यांना नवल वाटत होतं; मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. माझ्यासमोर माझा मित्र खेळत होता, आणि त्या दिवशी तो जसा खेळला तसा त्याआधी कधी खेळला नव्हता.

त्याची निवड झाली. परतीच्या एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली. अख्खा रस्ता तो आपला आनंद दाबून बसला होता, माझ्यासाठी. तो हसला असता, ओरडला असता तर मला चाललं असतं. त्याचा तो समजूतदारपणा मात्र मला अजून आठवतो आणि अजून टोचतो.

पुढे तो क्लबात गेला आणि मी कॉलेजात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून नाना अजूनही पाहुण्यांना माझं वर्ष सांगतात. पण गावातल्या टपरीवर लोक मला त्याच्याबद्दलच विचारायचे. "तू बी खेळायचा ना रे त्याच्यासंगं?" मी म्हणायचो, हो, खेळायचो.

तर त्याचाही गुडघा गेला आणि मला वाटलं, आता याला कळेल. पण त्याला ते कळलं नाही. त्याच्या वाट्याला सगळं वेगळंच आलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. गुडघ्याच्या आतली दोरी तुटली होती, तिला लिगामेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत थांबून ऑपरेशन केलं, त्याच्याच मांडीमागच्या स्नायूची एक कंडरा काढून तिची नवी दोरी बसवली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याला उभं केलं. मला तर एकवीस दिवस हलूच दिलं नव्हतं. त्याने व्हिडिओ कॉलवर क्लबातली उपचारांची खोली दाखवली. भिंतीवर एक फळा, त्यावर सगळ्या खेळाडूंची नावं आणि नावांपुढे लाल, पिवळे, हिरवे ठिपके. लाल म्हणजे खेळायचं नाही, पिवळा म्हणजे मोजूनमापून सराव, हिरवा म्हणजे मोकळा. ठिपका बदलायचा अधिकार प्रशिक्षकालाही नाही. डॉक्टर आणि फिजिओ सांगतील तेव्हाच तो बदलतो. "मले उद्या खेळावंसं वाटलं तरी मले कोणी विचारत न्हाई," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मला धुळ्याला असं कुणी अडवलं असतं तर.

त्याच्या गुडघ्यामागे किती माणसं आहेत, हे मी एकदा बोटांवर मोजलं. सर्जन, क्लबाचे डॉक्टर, दोन फिजिओ, ताकदीचे व्यायाम घेणारा एक, जेवण ठरवणारी एक आणि 'पुन्हा लागेल का' या भीतीवर नुसतं बोलायला आठवड्यातून एकदा येणारे एक. सात. माझ्या गुडघ्यामागे नाना आणि हाडवैद्य. एकदा तो बर्फ भरलेल्या टबात बसून माझ्याशी बोलला. आमच्या हॉस्टेलच्या माठात तेव्हा पाणी नव्हतं. मला त्याच्या बर्फाचाही हेवा वाटला.

टपरीवरचे एक भाऊ एकदा म्हणाले, "एकाचा गुडघा विमानात बसतो, एकाचा एसटीत." सगळे हसले. मीही हसलो.

क्लबातल्या जखमी खेळाडूंना रोज सकाळी फोनवर प्रश्न येतात. झोप कशी झाली, एक ते दहा. दुखणं किती, शून्य ते दहा. पाय जड वाटतो का. मन कसं आहे. त्याने एकदा गंमत म्हणून त्या प्रश्नांचा फोटो मला पाठवला आणि लिहिलं, 'मन कसं हाये, हे बी विचारतात भो.' त्या रात्री मी नवी दोनशे पानी वही काढली. तीत चार रकाने आखले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, दात घासून झाल्यावर, मी त्या प्रश्नांची उत्तरं लिहू लागलो. झोप सहा. दुखणं, जिना उतरताना तीन. मन चार. नोव्हेंबरात सुरू केलं आणि एकही दिवस चुकवला नाही. का लिहितो, हे मला नीट सांगता यायचं नाही. मलाही कुणीतरी विचारावं असं वाटत असेल. आणि विचारणारा मीच होतो, याची लाजही वाटायची. वही मी गादीखाली ठेवायचो.

मे महिन्यात हंगाम संपला आणि क्लबाने सगळ्यांना तीन आठवडे घरी सोडलं. तोही गावी आला. ऑपरेशनला आठ महिने होत आले होते. क्लबातल्या एका फिजिओ मॅडमनी त्याला घरी करायच्या व्यायामांचं पत्रक दिलं होतं आणि एक चाचणीही घरीच करून पाठवायला सांगितली होती. चाचणी साधी आहे. एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता दोन सेकंद थांबायचं. प्रत्येक पायाच्या तीन उड्या. ऑपरेशन झालेल्या पायाची सगळ्यात लांब उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे. भरली, तर जूनच्या शिबिरात पहिल्या दिवसापासून संघाबरोबर सराव, चेंडू, वळणं, सगळं. नाही भरली, तर जिममध्ये, लाल ठिपक्यांबरोबर.

मोजायला दुसरं माणूस हवं होतं. सुट्टी संपत आली तेव्हा तो माझ्याकडेच आला.

"तुह्याशिवाय कोणाले यातलं कळते इथी?" तो म्हणाला.

आम्ही सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर गेलो, कारण आठनंतर तिथे उभं राहवत नाही. त्याने फोन विटेला टेकवून उभा केला. मी मोजपट्टी जमिनीवर पसरली, एका टोकाला दगड ठेवला आणि दुसऱ्या टोकाला बसलो. आधी उजवा पाय, त्याचा चांगला. तिसरी उडी सगळ्यात लांब गेली, एकशे अडुसष्ट सेंटीमीटर. मग डावा. पहिली एकशे एकेचाळीस. दुसऱ्या उडीत तो डगमगला, ती धरली नाही. तिसऱ्या वेळी त्याने खूप वेळ घेतला, हात मागे नेले आणि झेपावला. उतरला, थांबला, दोन सेकंद मी मोठ्याने मोजले. टाचेपाशी काडी रोवली. एकशे सेहेचाळीस.

नव्वद टक्क्यांना एकशे बावन्न लागत होते. आम्ही दोघांनीही मनातल्या मनात हिशेब केला.

"एकशे बावन्न लिही," तो म्हणाला.

"एकशे सेहेचाळीस आहे."

"मले दिसते. चार बोटं तर कमी हायेत. लिही."

"मॅडमना कळेल."

"व्हिडिओत पट्टीचे आकडे दिसत न्हाई. मी पाह्यलं."

त्याने ते आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणजे हे त्याने घरून ठरवूनच आणलं होतं. मग तो खाली मातीत बसला आणि भडाभडा बोलला. त्याच्या जागेवर क्लबाने एक नवा मुलगा आणला आहे. त्याचा स्वतःचा करार येत्या हंगामापुरताच आहे. पहिल्या दिवसापासून मैदानावर दिसलो नाही, तर लोक विसरतील. "एकदा जागा गेली का ती परत कोणी ठेवत न्हाई भो. तुले माहीत हाये."

मला माहीत होतं.

त्या वेळी माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. माझ्या मनात आलं, लिही. लिहून टाक एकशे बावन्न. त्यानेच मागितलंय. तू चांगला मित्र ठरशील. तो जाईल, पहिल्या आठवड्यात चेंडू घेऊन वळेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. झालंच तर दोष तुझ्याकडे येणार नाही. पेन माझ्या हातात होतं. त्याचं वाटोळं करणं इतकं सोपं असेल आणि ते मैत्रीसारखं दिसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी लिहिलं नाही. धुळ्याचं ते मैदान समोर आलं. वळायच्या आधीचा तो क्षण, जेव्हा माझा गुडघा अगदी बरा आहे अशी माझी खात्री होती. मी कागदावर डाव्या पायाच्या रकान्यात एकशे सेहेचाळीस लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं.

त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू जळतो," तो म्हणाला. "धुळ्यापासून जळून राह्यला. मले सगळं समजते."

"हो," मी म्हणालो.

हे त्याला अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

"जळतो," मी म्हणालो. "पण एकशे सेहेचाळीसच आहे."

त्याने फोन उचलला, कागदाचा फोटो काढला, व्हिडिओबरोबर पाठवला आणि माझी वाट न पाहता निघून गेला. मी मोजपट्टी गुंडाळत राहिलो. मला हलकं वाटत होतं. आणि त्या हलकेपणात खरेपणाचं समाधान किती होतं आणि त्याच्या पडलेल्या चेहऱ्याचं किती, हे मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. माझ्याकडे न बघता त्याने फोन पुढे केला. "मॅडमले तुह्याशी बोलायचं हाये." फोन स्पीकरवर होता. नाना ओट्यावर बसून चहा घेत होते.

त्या क्लबातल्या फिजिओ मूळच्या कोल्हापूरच्या, हे मला त्याच्याकडून कळलेलं होतं.

"कालच्या उड्या तुम्ही मोजल्या का?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम."

"टाचेपर्यंत मोजलं?"

"हो."

"चांगलं मोजलंय. उतरताना त्याचा गुडघा आत पडतोय व्हिडिओत, तेव्हाच म्हटलं ही उडी नव्वदची नाही. नव्वद लिहून आलं असतं, तर मी त्याच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता." माझा मित्र चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "त्याला सांगा, तीन आठवडे जादा जिम, मग परत चाचणी. जागा कुठं पळून जात नाही. बरं, दुसरं एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही पट्टी धरून खाली बसताना दर वेळी उजवा पाय लांब सोडून बसता. का?"

मी म्हणालो, "सवय आहे."

"अशी सवय नसते हो कुणाला. गुडघा असतो तो. काय झालं होतं?"

मी सांगितलं. लेप, कामट्या, एकवीस दिवस, धुळे. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"आता दुखतं किती? शून्य ते दहामधे?"

"सपाट जमिनीवर एक. जिना उतरताना तीन. पाय वळला तर सहा. महिन्यातून एक-दोनदा सरकतो. थंडीत जास्त सरकायचा. डिसेंबरात चार वेळा सरकला."

 पलीकडे लांब कुठेतरी चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. "इतकं नेमकं कसं सांगताय?"

मी मित्राकडे पाहिलं, मग नानांकडे. सांगावं लागलं. "वहीत लिहितो मॅडम. त्याला रोज जे प्रश्न येतात, तेच. नोव्हेंबरपासून."

"तुम्हाला कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाही."

"त्या वहीच्या पानांचे फोटो पाठवा मला," त्या म्हणाल्या. "हे बघा, मी फोनवरून निदान करणार नाही. तुम्ही जळगावला मोठ्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआय काढून घ्या. वहीही बरोबर न्या, डॉक्टरांना तिचा उपयोग होईल. तोवर वळायचा खेळ खेळू नका. तीन वर्षं झाली म्हणून वेळ गेली, असं धरून बसू नका."

फोन बंद झाल्यावर नानांनी कप खाली ठेवला. हळू आवाजात विचारलं, "आपून बांधलं, ते चुकलं काय मंग?"

"न्हाई नाना," मी म्हणालो. "त्यानंच तर उभा राह्यलो."

त्या आठवड्यात मी खऱ्यापेक्षा वाढवून सांगितलेली गोष्ट तेवढीच.

वही मी जळगावहून घरी आणली होती, बॅगेच्या तळाशी. माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला, म्हणून फोटो त्याच्याच फोनवर काढायचे ठरले. आम्ही ओट्यावर बसलो. तो एकेक पान उलटायचा आणि फोटो घ्यायचा. काही पानांनंतर तो थांबला. मला माहीत होतं तो कुठे थांबला. मनाच्या रकान्यात मी कधीकधी आकड्यापुढे कारणही लिहिलं होतं.

त्याने वाचलं, "मन तीन. त्याचा फोन." पान उलटलं. "मन तीन. त्याचा फोन. हे काय, मन दोन, बर्फ?"

मी वही मागायला हात पुढे केला, त्याने दिली नाही.

"मी फोन केला का तुही तब्येत बिघडते काय?"

"हो."

"अन् मी तुले बरं वाटावं म्हणून करायचो. मले वाटे याले कोणी न्हाई बोलाले." तो वही बंद करेल असं मला वाटलं. त्याने बंद केली नाही. तीही पानं त्याने सरळ धरली, सावली पडू नये म्हणून जरा कलला आणि फोटो घेतला. "जाऊ दे, मॅडमले बी कळू दे," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "धुळ्याले मी तुले इचारलं बी न्हाई, पाय कसा हाये म्हनून. मले भीती वाटत होती, तू म्हणशील बरा हाये, अन् परत खेळशील."

ही गोष्ट त्याने मला तीन वर्षांत सांगितली नव्हती. मीही त्याला नवं काही सांगितलं नाही. आम्ही उरलेली पानं संपवली.

"आज किती लिहिलं?" त्याने विचारलं.

"चार."

"काहून? आता तर मॅडमनी विचारलं तुले."

"तू परवा जाणार."

"म्हंजे मी चाललो म्हणून वाईट वाटते?"

"न्हाई. तू चालला अन् मी न्हाई, म्हणून."

तो हसला, तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. एसटीत त्याने असं हसायला हवं होतं.

जूनमध्ये तो तीन आठवडे जिममध्ये राहिला. दुसऱ्या चाचणीत त्याची डावी उडी भरली. त्याने आकडा मला कळवला, मी विचारला नव्हता. ऑगस्टमध्ये एका सामन्यात शेवटची वीस मिनिटं त्याला उतरवलं. मी हॉस्टेलच्या गच्चीवर एका मित्राच्या फोनवर तो सामना बघितला. चेंडूकडे माझं लक्ष नव्हतं. तो डाव्या पायावर वळला की मी श्वास धरायचो. दोनदा वळला, तिसऱ्यांदा वळला, पाय जागेवर राहिला. मला आनंद झाला आणि ते जुनं जळणंही झालं, दोन्ही एकाच वेळी. आधी कोणतं आलं, ते या वेळी मी बघितलं नाही.

मला एमआरआयची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. त्या दिवशी वही बरोबर नेईन; तोवर नव्या पानांचे फोटो हॉस्टेलमधल्या मित्राच्या फोनवरून मॅडमना पाठवतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यात लिहिलं, झोप पाच, दुखणं दोन. मनाच्या रकान्याशी पेन अडलं. सहा लिहावं असं फार वाटत होतं, आता मॅडमही बघतात. पण पाच लिहिलं, कारण पाचच होतं.